दहापैकी सहा

"वय?"

"त्र्याऐंशी."

"जलम?"

"अठराशे एक्क्याण्णव."

"आता साल कंचा?"

"एकोनीसशे चौऱ्याहत्तर."

मरोळ गावठाणातल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून अर्बन परेरा बायकोकडून उजळणी करून घेत होता. ल्युसीने ठेवणीतलं लाल चौकड्यांचं लुगडं नेसलं होतं. हात मांडीवर जुळवून ती उत्तरं सुरावर म्हणत होती. महिना, जागा, पंतप्रधान, स्वातंत्र्याचं साल, लक्षात ठेवायचा पत्ता, वीसपासून एकपर्यंत उलटे आकडे, सगळं झालं. शेवटी अर्बनने स्वतःच्या छातीवर बोट ठेवून विचारलं, हा कोण? तर ती म्हणाली, अर्बन. दहाच्या दहा बरोबर आली. अर्बनने खिशातली पेपरमिंटची गोळी काढून तिला दिली.

शहाऐंशी वर्षांच्या नवऱ्याने त्र्याऐंशी वर्षांच्या बायकोला परीक्षेला बसवायचं म्हणजे गावाला आयतीच करमणूक. ओट्यासमोरून जाणारे विचारत, काय अर्बनकाका, काकीला मॅट्रिकला बसवतोस काय? अर्बन हसत नसे आणि रागावतही नसे. परीक्षेत काय पणाला लागलं आहे ते त्यालाच ठाऊक होतं.

झालं होतं असं की ऑगस्टात एका सकाळी ल्युसी पेटता स्टोव्ह तसाच सोडून शेतातलं पाणी बघायला गेली. शेत होतंच कुठे? ते कारखान्यांच्या वसाहतीत जाऊन पंधरा वर्षं झाली होती. दुपारी ती एका कारखान्याच्या फाटकाशी सापडली. पाय चिखलाने भरलेले, आणि आमचा बांध कुणी फोडला म्हणून तिथल्या वॉचमनला फैलावर घेत होती. इकडे घरात पडदा पेटला होता. शेजारणीने दोन हंडे पाणी ओतलं म्हणून निभावलं.

मुलगा जॉनी गोरेगावला राहायचा. दोन खोल्या, बायको, तीन मुलं. पोरगा वाईट नव्हता, दर रविवारी यायचा. त्या रविवारी जळका पडदा पाहून तो मटकन खाली बसला आणि म्हणाला, पापा, एखाद्या रविवारी मी येईन आणि हितं राख बघेन. मुलुंडला नन्सनी चालवलेलं एक घर होतं, तिथे विसरभोळ्या म्हाताऱ्यांची सोय होती. त्याने तिथे चौकशी केलीच होती. आईला तिथे ठेवायचं आणि पापांना गोरेगावला न्यायचं, गॅलरीत खाट मावत होती.

मुलुंडच्या घराचा नियम कडक होता. डॉक्टरीणबाई प्रत्येकाला दहा प्रश्न विचारत. सात किंवा जास्त आले तर माणूस शहाणा, त्याने आपल्या घरी जावं. चार ते सहा आले तर त्याला तिथे जागा. चाराच्या खाली घसरला तर तो नन्सच्या आवाक्याबाहेरचा, त्याला ठाण्याच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी. ऑगस्टात ल्युसीला चार मिळाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ताप, पावसाळा, घाबरणं, कशानेही माणूस गोंधळतो, तीन महिन्यांनी परत आणा. अर्बन त्या वेळी शेजारीच बसला होता. दहाही प्रश्न त्याने ओळीने डोक्यात भरून घरी आणले.

त्याची स्मरणशक्ती तशीच होती. एकतीस वर्षं तो पाणीखात्यात चावीवाला होता. रस्त्यातलं झाकण उचलायचं, माणसाच्या छातीएवढी लोखंडी चावी खाली सोडायची आणि फिरवून वस्तीचं पाणी सोडायचं किंवा बंद करायचं, हे त्याचं काम. कुठल्या आळीला किती वाजता पाणी आणि कुठल्या झाकणाखाली किती फेरे, यातलं काहीही कागदावर नव्हतं. ते अर्बनच्या डोक्यात होतं आणि अजूनही तिथेच होतं. तो ज्या झाकणांवर वाकला, त्यांच्यावरून आता ट्रकांची रहदारी होती, एवढाच काय तो फरक.

तीन महिने सकाळ-संध्याकाळ त्याने ल्युसीकडून घोकून घेतलं. ल्युसी शाळेत कधी गेली नव्हती. आयुष्यात जे काही तोंडपाठ केलं ते लहानपणी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मास्तर प्रश्न विचारणार आणि पोरं एका सुरात उत्तर देणार, या पद्धतीने. अर्बनने तीच पद्धत धरली. आणि खरंच, काल रात्री काय जेवलो ते न आठवणारी ल्युसी महिन्याभरात दहा उत्तरं घडाघडा म्हणायला लागली. तेव्हापासून अर्बनला रात्री झोप लागू लागली.

मुलुंडला निघालेली टॅक्सी साकीनाक्यावर अर्धा तास अडकली. जॉनी पुढे बसून घड्याळ बघत होता. मागे अर्बन हळू आवाजात विचारी आणि ल्युसी सांगे. पवईच्या तलावापाशी तिने विचारलं, आपण कुनाच्या लग्नाला चाललो? अर्बनने सांगितलं, लग्नाला नाय, परीक्षेला. "मग ठीक हाय," ती म्हणाली. "सगला पाठ हाय मना."

डॉक्टर उत्तरा कारखानीस पस्तिशीच्या होत्या, विलायतेत शिकून आलेल्या, पण बोलणं घरातल्या लेकीसारखं. ल्युसीला खुर्ची देऊन त्यांनी पाणी दिलं. अर्बन आणि जॉनी भिंतीकडच्या बाकावर बसले. बाईंनी कागद समोर घेतला आणि सहज म्हणाल्या, "आजी, आज आपण मधूनच सुरू करू. तीच माणसं परत आली की प्रश्न पाठ झालेले असतात." मग त्यांनी विचारलं, "आपण आत्ता कुठे बसलोय?"

ल्युसी ताठ बसली. "त्र्याऐंशी," ती सुरावर म्हणाली.

अर्बन बाकावरून अर्धा उठला आणि परत बसला.

"बरं. आपल्या देशाचे पंतप्रधान कोण?"

"अठराशे एक्क्याण्णव."

बाईंनी पेन खाली ठेवलं नाही, हसल्याही नाहीत. पुढचा प्रश्न विचारला. ल्युसीने पुढचं उत्तर दिलं. एकही उत्तर खोटं नव्हतं. सगळी खरी होती, फक्त आपापल्या जागेवर नव्हती. सूर बिघडला नाही, ओळ चुकली नाही, आणि मधूनमधून ती अर्बनकडे बघत होती, बरोबर चाललंय ना म्हणून. अर्बन मान हलवत होता. दुसरं काय करणार? ज्या पद्धतीवर त्याने भरवसा ठेवला, तिनेच घात केला होता. हा दोष आपला आहे, तिचा नाही, हे त्या माणसाला त्या बाकावर बसून कळलं आणि त्याला रडू यायचं बाकी राहिलं.

बाईंनी घाई केली नाही. थोडं थांबून, गप्पा मारत, तेच प्रश्न त्यांनी पुन्हा एकेक करून विचारले. सूर सुटला तसं ल्युसीला काहीच सापडेना. देश स्वतंत्र कधी झाला ते मात्र तिने सांगितलं, महिनाही सांगितला, जागा कोणती ते खिडकीतल्या नन्सकडे बघून ओळखलं. शेवटी बाईंनी अर्बनकडे बोट केलं आणि विचारलं, हे कोण?

"तो? अर्बन," ल्युसी म्हणाली. "आमचा घोव. तुमी नाय ओलखत त्याला?"

चार. पुन्हा चारच.

बाईंनी जॉनीला सगळं नीट सांगितलं. आजींना आजच ठेवून घेता येईल. जॉनी मान खाली घालून ऐकत होता आणि रुमालाने मान पुसत होता. त्याला सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. अर्बनने मध्येच विचारलं की नवरा बरोबर राहू शकतो का. बाई म्हणाल्या, पुरुषांची खोली व्हरांड्याच्या पलीकडे आहे. जेवण, प्रार्थना, बागेतलं बसणं सगळं एकत्रच असतं. पण ज्याची बुद्धी शाबूत आहे आणि सांभाळायला मुलगाही आहे, अशाला इथे घेत नाहीत. खाटा मोजक्याच आहेत.

लग्नाला चौसष्ट वर्षं झाली होती. ल्युसीची बाळंतपणं सोडली तर दोघं कधी वेगळ्या छपराखाली झोपले नव्हते. रात्री ती उठून दार उघडायची. तिला परत कसं आणायचं ते अर्बनला माहीत होतं. ओढायचं नाही, हाक मारायची नाही, आपणही तिच्याबरोबर अंगणात जाऊन उभं राहायचं. हे इथल्या कोणाला कोण सांगणार? आणि सांगितलं तरी रोज रात्री कोण करणार?

"बाई," अर्बन म्हणाला, "मलाबी विचारा."

जॉनी म्हणाला, "पापा, काय पन काय? डॉक्टर, यांचा डोका अजून माझ्यापेक्षा तेज हाय."

"तुना काय ठाव?" अर्बन म्हणाला. "तू रविवारचा येतंस."

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. ऐंशीच्या पुढचा कोणीही मागेल तर विचारायचं, असा नियम आहे, त्या म्हणाल्या. मग नवा कागद काढता काढता जॉनीला म्हणाल्या, "याच्यावर फार विसंबू नका. हा कागद विलायतेतल्या लोकांसाठी केलेला आहे. आपल्याकडच्या दहा म्हाताऱ्यांत दोघांच्या बाबतीत हा चुकतो, असा माझा अंदाज आहे. कोणत्या दोघांच्या, ते मात्र मला अजून ओळखता येत नाही."

ल्युसीला बाहेर न्यायला नन आली, पण ती खुर्ची सोडेना. मग तिला तिथेच राहू दिलं. अर्बन तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला.

वेड पांघरून पेडगावला जाणारे पुष्कळ असतात. पण तिथेही मोजून मापून सहाच गुण घेऊन जायचं म्हणजे शहाण्याचंच काम. सात आले तर गोरेगावची गॅलरी. तीन आले तर ठाणं. मध्ये तीन पायऱ्या, आणि त्यातली वरची अर्बनने पसंत केली. सहा. एकतर घसरण्यापासून ती सर्वांत लांब होती. शिवाय, खरं सांगायचं तर, गरजेपेक्षा एकही उत्तर जास्त चुकवायला त्याचं मन तयार नव्हतं. बाकावर असतानाच त्याने चार प्रश्न निवडले होते: वय, जन्मसाल, पंतप्रधान आणि उलटे आकडे. खोटं बोलल्याचं पाप शनिवारी फादरना सांगावं लागेल, तेही त्याने धरून ठेवलं.

या खेपेला बाईंनी कागद वरून सुरू केला. वय किती? अर्बन म्हणाला, साठ. जॉनीची मान झटकन वर झाली. जन्म? ते काय आठवत नाय. साल मात्र त्याने बरोबर सांगितलं, महिना सांगितला, मुलुंड म्हणाला. पंतप्रधान कोण विचारल्यावर तो थोडा वेळ छताकडे बघून म्हणाला, पाचवा जॉर्ज. हे जरा जास्तच झालं असं त्याचं त्यालाच वाटलं. बाईंच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. स्वातंत्र्याचं साल त्याने सांगितलं. सुरुवातीला सांगितलेला पत्ता, सतरा तलाव रोड, तोही सांगितला. तीन चुकले होते, पाच बरोबर होते. आता आकडे चुकवायचे, शेवटचा बरोबर द्यायचा, आणि सहा.

"आता वीसपासून उलटे मोजा."

अर्बनने तोंड उघडलं. ठरवलं होतं की वीस, एकोणीस, सोळा असं काहीतरी म्हणायचं आणि अडखळायचं.

"वीस," तो म्हणाला. "एकोनीस. अठरा."

आणि त्याचा हात फिरायला लागला. दोन्ही मुठी मांडीवरून उचलून छातीसमोर आल्या, एकीमागून दुसरी. एकतीस वर्षं रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी पाणी बंद करताना तो असाच उलटा मोजत आला होता. मोजणी चुकली, चावी शेवटी जोरात बसली, की नळातल्या पाण्याला धक्का बसायचा आणि पुढे कुठल्यातरी आळीत जोड निखळायचा. त्याच्या हातून एकतीस वर्षांत एकही निखळला नव्हता. सतरा, सोळा, पंधरा. चुकव, चुकव, असं तो मनाला सांगत होता आणि जीभ ऐकत नव्हती. शेवटच्या पाचांवर मुठी आपोआप संथ झाल्या. चार. तीन. दोन. एक. त्याने हात मांडीवर ठेवले तेव्हा कपाळावर घाम होता.

बाई त्याच्या हातांकडे बघत होत्या. त्यांनी कागदावर खूण केली. सहा झाले होते.

आता एकच प्रश्न राहिला होता, आणि तो कोणता ते अर्बनला ठाऊक होतं. तो चुकवायचा असं त्याने स्वप्नातही धरलं नव्हतं. हा प्रश्न म्हणजे पायाखालची जमीन, तो मोजायचाच नसतो, अशा भरवशावर त्याने बाकीचा बेत रचला होता. खरं बोलला तर सात. सात म्हणजे तासाभरात टॅक्सी, आणि ल्युसी इथे. आज रात्री ती उठेल, अनोळखी दार उघडेल, आणि तिच्याबरोबर उभं राहायला कोणी नसेल.

बाईंनी पेनचं टोपण लावलं, काढलं. मग ल्युसीकडे हात करून म्हणाल्या, "बाबा, नीट बघून सांगा. ह्या कोण?"

अर्बनने बघितलं. नीटच बघितलं. लाल चौकडीचा पदर, कानातल्या जड कुड्यांनी ओघळलेल्या पाळ्या, हनुवटीवरचं गोंदण जे आता सुरकुतीत शिरलं होतं. ती त्याच्याकडेच बघत होती, तो आता काय म्हणतो ते ऐकायला थोडी पुढे वाकून. चौसष्ट वर्षांत त्याने तिला शिव्या दिल्या होत्या, एकदा हातही उगारला होता, पण असं काही केलं नव्हतं.

"नाय ओलखत," तो म्हणाला.

"पापा," जॉनीचा आवाज फुटला. "आई हाय ती."

अर्बनने मुलाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळंच फुकट गेलं असतं. "असेल," तो म्हणाला. "मना ठाव नाय."

जॉनी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आपल्या घरात गेली काही वर्षं काय चाललं होतं ते आपल्याला कळलंच नाही, असं त्याला वाटत असणार. लेकराच्या मनावर हा दगड आपण ठेवला, हे अर्बनला दिसत होतं, आणि तो दगड उचलायला आता काही उपाय नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या तळाशी आकडा लिहिला. तो लिहायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. "दहापैकी सहा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त त्या कोणाकडे बघत नव्हत्या. "कागद जे सांगतो ते मी लिहिलंय. व्हरांड्यापलीकडे एक खाट रिकामी आहे."

मिळवायचं ते मिळालं होतं आणि अर्बनला वर बघवत नव्हतं. ल्युसीने ऐकलं होतं, हे त्याला माहीत होतं. तिला घटकाभरात आठवणार नाही, असं तो स्वतःला समजावत होता. पण ही घटका तर होतीच ना.

तेवढ्यात खुर्ची सरकली. ल्युसी उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. रडली नाही, रागावली नाही. लहान मुलाच्या कपाळावरून फिरवतात तसा तिने त्याच्या घामेजल्या कपाळावरून हात फिरवला.

"असू दे," ती म्हणाली. "विसरते मानूस. भिऊ नको. मना ठाव हाय तू कोन तो."

मग तिने त्याचं मनगट धरलं आणि त्याला उभं केलं. गेल्या दोन वर्षांत तिचा हात धरून तो तिला सगळीकडे नेत आला होता. आज ती पुढे होती. पदर खोचून, पाऊल दणकट टाकत, घरातल्या जाणत्या बाईसारखी ती त्याला घेऊन दाराबाहेर पडली. दारात उभी असलेली नन बाजूला झाली.

व्हरांड्यात पाटी होती. राहण्याच्या खोल्या उजवीकडे, स्वयंपाकघर आणि मोरी डावीकडे. अर्बनने ती वाचली. ल्युसी क्षणभर थांबली, इकडेतिकडे बघितलं आणि ठामपणे डावीकडे वळली. "हिकडून," ती म्हणाली, "माझ्या मागे ये."

नन त्यांना थांबवायला पुढे झाली, तशी मागून डॉक्टरीणबाईंनी तिला हाताने खूण केली, राहू दे म्हणून. अर्बन ल्युसीच्या मागोमाग डावीकडे वळला.